विहिरीवरचं इंजिन शर्यतीला नेलं त्याची गोष्ट

सन १९५८. माझं वय तेव्हा सव्वीस होतं, आणि मोटरसायकलच्या शर्यतीत उतरलेल्या सगळ्या लोकांत मी एकटाच असा होतो की ज्याला जिंकण्यापेक्षा सोमवारी सकाळी केळीला पाणी देण्याची काळजी जास्त होती.

शिक्षण माझं चौथीपर्यंत. (चौथीत दोन वर्षं काढली. घाई कशाची होती?) पण इंजिन खोलायला शाळा लागत नाही, हात लागतात, आणि ते मला देवानं दोन दिले होते. तिसरा दिला असता तर फार बरं झालं असतं, पण ते पुढे येईल.

इंजिन होतं आबांचं, म्हणजे माझ्या वडिलांचं. बुऱ्हाणपुराबाहेर तापीच्या काठाला आमची साडेचार एकर जमीन. दोन एकरात केळी, बाकी कापूस. विहिरीवर आधी मोट होती आणि मोटेला पवळ्या-चांद्या ही जोडी. मी दोन वर्षं आबांच्या मागे लागलो होतो, "आबा, इंजिन घेऊ. जमाना बदलून राहिला." शेवटी कंटाळून त्यांनी जोडी विकली आणि दीड घोड्याचं रॉकेलवर चालणारं इंजिन आणलं. जोडी गेली त्या दिवशी आबा जेवले नाहीत. ओट्यावर बसून मला म्हणाले, "सुपडू, तुझ्या शब्दावर जोडी गेली. याला काही झालं तर मला सांगायला येऊ नको. सरळ मोटेला स्वतःला जुंपून घे."

मी हसलो. ते हसले नाहीत.

बैल गेले तरी आबांच्या हातातली बैलांची काठी गेली नाही. इंजिनाला ते इंजिन म्हणत नसत, 'तुझं ते' म्हणत. बंद करायची त्यांची रीतही वेगळी होती. मी सांगून थकलो, "आबा, आधी तेलाची चावी फिरवा." ऐकतील तर शपथ. पाणी पुरे झालं की काठीचं टोक फिरत्या पट्ट्याखाली घालायचे आणि एका झटक्यात पट्टा चाकावरून उडवायचे. पंप थांबायचा. इंजिन आपलं एकटंच फुकफुक करत राहायचं. "आता तुझं ते तू बघ," म्हणायचे आणि चालू लागायचे.

पट्टा म्हणजे इंजिनाच्या चाकावरून पंपाच्या चाकावर जाणारा कातडी पट्टा. आमच्या विहिरीवर पंप अशा तोंडानं बसला होता की पट्ट्याला मधे एक पीळ द्यावा लागे, मराठी चारच्या आकड्यासारखा. पीळ दिला की पंप सुलट फिरायचा आणि पाणी यायचं. न देता सरळ घातला की पंप उलटा फिरणार. दोन वर्षं रोज सकाळी मी तो पीळ देत होतो. माझ्या हातांना त्याची इतकी सवय झाली होती की मला त्यात काही बघावं लागत नसे. (इथेच सगळं फसलं.)

त्या सुमारास नवं राज्य होऊन दोनेक वर्षं झाली होती. इंदूरकडचे, ग्वाल्हेरकडचे साहेब आमच्याकडे बदलून येऊ लागले होते. त्यांना आमची बोली कळेना, आम्हाला त्यांचा हुकूम कळेना, असं चालू होतं. त्यातल्या एका साहेबाला मोटरसायकलचा नाद. त्यांनी ठरवलं की नव्या राज्यातल्या लोकांची एकमेकांशी ओळख व्हायला पाहिजे, आणि ती मोटरसायकलवर बसूनच होईल. शनिवार-रविवार दोन दिवसांचा मेळा. शनिवारी गाड्यांची पाहणी, रविवारी शर्यती. इंदूर, उज्जैन, खंडव्याहून लोक येणार. मोठ्या गाड्या धूलकोटला जाऊन परत, आणि घरी बनवलेल्या लहान गाड्यांची दोन मैलांची वेगळी शर्यत.

ही बातमी मला बुधवारा मोहल्ल्यातल्या मुरलीनं दिली. मुरली घड्याळजी. चौथीत माझ्या शेजारी बसायचा, मग मला तिथेच सोडून सातवीपर्यंत गेला, आणि ते सातवीपण त्याच्या बोलण्यात कायम असायचं. त्यानं कुठूनतरी पलटणीच्या भंगारातलं एक चिमुकलं इंजिन आणून सायकलला बसवलं होतं.

"तू नको पडू यात, सुपडू," तो डोळ्याला भिंग लावूनच म्हणाला. "बारीक काम असते हे."

"मी कुठं पडून राहिलो?"

"तेच म्हणतो. आणि इंजिन कुठं आहे तुझ्याजवळ?"

"आहे," मी म्हणालो.

हा शब्द तोंडातून निघाला आणि मग मला कळलं की कोणतं इंजिन आहे. पण निघालेला शब्द परत घ्यायची आमच्या घरात पद्धत नाही.

गाडी मी गोठ्यात बनवली. जोडी गेल्यापासून आबा गोठ्यात पाय ठेवत नसत, त्यामुळे जागा सुरक्षित होती. दोन मोडक्या सायकली, बैलगाडीच्या लोखंडी पट्ट्या, आणि इंजिन ठेवायला मधे एक फळी. इंजिन जड, दोन चाकांवर तोल राहीना. म्हणून मागच्या दोन्ही बाजूंना दोन लहान चाकं पाहिजे होती. तशी चाकं घरात एकाच ठिकाणी होती.

"बाळ्याचा पांगुळगाडा मी देणार नाही," बायको म्हणाली. तिचं नाव वत्सला.

"तो आता चालतो की."

"पडतो."

"मग पडू दे. पडल्याशिवाय शिकत नाही कोणी."

"तुम्ही काऊन मग चाकं लावून राहिले?"

(बायकोच्या प्रत्येक प्रश्नाला उत्तर द्यायचं ठरवलं तर गाडी कधी बनवायची?)

गाडीला गियर नव्हता, ब्रेक नव्हता. विहिरीवरचाच पट्टा इंजिनाच्या चाकावरून गाडीच्या मागच्या चाकावर सरळ घातला होता, आणि एक दांडा होता. तो आपल्याकडे ओढला की पट्टा ताणला जाई आणि गाडी चाले. पुढे ढकलला की पट्टा ढिला पडे आणि गाडी थांबे. इतकं सोपं. आणि पंपाचं इंजिन असल्यामुळे त्याचा वेग एकच. चढ असो, उतार असो, धावत्या माणसाइतका. जास्त नाही, कमी नाही.

बेतही सोपा होता. माझी बहीण तुकईथडला दिलेली. तिच्या पोराचं जावळ रविवारी होतं. आबा शुक्रवारी दुपारच्या बसनं जाणार, सोमवारी दुपारी येणार. शुक्रवारी सकाळी केळीला पाणी द्यायचं, दुपारी इंजिन सोडवून गाडीवर बसवायचं, रविवारी शर्यत झाली की संध्याकाळपर्यंत परत विहिरीवर. सोमवारी पहाटे पाणी. आबा येतील तेव्हा वाफे ओले आणि इंजिन जागेवर. ऑक्टोबरचं ऊन होतं, एक पाळी चुकली की केळीची पानं कडेनं करपायला लागतात, आणि आबांना ते अर्ध्या मैलावरून दिसतं.

जाताना आबा बसच्या पायरीवरून म्हणाले, "सोमवारी पाणी."

"हो आबा."

"तुझं ते नीट चालते ना?"

"एकदम नीट."

"मग तुझं तोंड असं काऊन झालं?"

बस सुटली म्हणून बरं.

शनिवारी पाहणी झाली. साहेब गाडीभोवती दोनदा फिरले. दसऱ्याला आबांनी इंजिनावर कुंकवानं काढलेला स्वस्तिक अजून तसाच होता, त्याला त्यांनी हात जोडले. मग खाली वाकले.

"और ये छोटे पहिये?"

"आधाराला, साहेब."

"पांगुळगाडा आहे साहेब तो," मुरली मागून म्हणाला. "गाडी अजून चालायला शिकून राहिली." आणि साहेबांना कळावं म्हणून त्यानं ते हिंदीतून परत सांगितलं. इंदूरवाले हसले, उज्जैनवाले हसले, खंडव्याचे तर खाली बसले. नव्या राज्यातल्या लोकांची एकमेकांशी ओळख झाली ती तिथे.

मी दोरी ओढून इंजिन चालू केलं, दांडा ओढला, आणि गाडी वीस पावलं पुढे चालवून दाखवली. पुढे, हे लक्षात ठेवा. शनिवारी ती पुढे चालली होती. साक्षीला शंभर माणसं होती, आता त्यातलं कोणी राहिलं नाही ही गोष्ट वेगळी.

रविवारी गाडी ढकलत न्यायची होती, म्हणून पट्टा काढून खांद्यावर टाकला. शर्यत सुरू व्हायची होती शहराबाहेर दोन मैलांवर, खकनारच्या रस्त्याला. तोंड शहराकडे, पाठ खकनार-तुकईथडकडे. पाठीमागे थोडा उतार, उताराच्या शेवटी एक नाला, नाल्यावर अरुंद पूल. पुलाला कठडा नव्हता. पण त्या बाजूला जायचंच नव्हतं, तर कठड्याचा विचार मी कशाला करू? शिपायांनी दोन्हीकडचा रस्ता बंद केला होता.

आठ गाड्या रांगेत लागल्या. माझ्या डोक्यात एकच हिशेब: इंजिन गरम होईल, थंड व्हायला तासभर, सोडवायला तास, विहिरीवर बसवायला दोन. हात आपोआप काम करत होते. त्यांनी पट्टा घेतला, चाकावर चढवला, मधे पीळ दिला, दुसऱ्या चाकावर चढवला.

वत्सला बाळ्याला कडेवर घेऊन जवळच उभी होती. ती म्हणाली, "अहो, पट्टा काल असाच होता का?"

शेजारी मुरली उभा. कान इकडेच.

"दोन वर्षं रोज घालून राहिलो पट्टा," मी म्हणालो. "तू मला शिकवू नको."

"मी शिकवत नाही. विचारते."

"विचारू पण नको."

ती माझ्या मागे दहा पावलांवर जाऊन उभी राहिली. मग तिला काय वाटलं कोण जाणे. पट्ट्याकडे परत एकदा बघितलं, आणि तिथून निघून माझ्या पुढे, बरीच पुढे, रस्त्याच्या कडेला जाऊन उभी राहिली. तेव्हाच मला कळायला हवं होतं.

साहेबांनी रुमाल खाली टाकला. मी दांडा ओढला.

सगळ्या गाड्या सुटल्या. मुरली माझ्यापासून लांब जाऊ लागला आणि मला वाटलं, पठ्ठ्यानं गाडी फार वेगवान बनवली. मग इंदूरवाला लांब गेला. मग वत्सला लांब जाऊ लागली, आणि ती तर उभी होती.

गाडी मागे चालली होती!

आता थांबवायची कशी? दांडा पुढे ढकलायचा, एवढंच. मी स्वतः बनवलेली गाडी, मला माहीत नसणार तर कोणाला? पण माणूस घाबरला की डोकं मागे पडतं आणि हात पुढे होतात, आणि माझे हात बैलांवर वाढलेले. जनावर बिथरलं की कासरा खेचायचा, हे त्यांना माझ्या आधीपासून माहीत. मी दांडा दोन्ही हातांनी पोटाशी खेचला आणि ओरडलो, "होऽ, होऽ, होऽ!" पट्टा आणखी ताणला. गाडी आणखी जोमानं मागे निघाली. जेवढी ती पळे तेवढा मी ओढे, आणि जेवढा मी ओढे तेवढी ती पळे.

हँडल सोडलं होतं ते कसंबसं एका हातानं धरलं. दुसरा हात दांड्यावर आखडलेला, सुटेना. तेलाची चावी समोर दिसत होती, पण ती फिरवायला तिसरा हात कुठून आणू?

वेग धावत्या माणसाचा, हे मी सांगितलंच. त्यामुळे बघायला आलेली माणसं आरामात बरोबर पळू लागली. कोणाला दम पण लागत नव्हता.

"सुपडूभाऊ, कुठं चालले?"

"बाजूला व्हा."

"आम्ही बाजूलाच आहो. तुम्हीच मधे आहे."

"तुकईथडला जाऊन राहिले का?" एकानं बिडी न विझवता विचारलं. "तिथं माझा साडू आहे. सांगा, कापूस घेऊन ये म्हणावं."

साहेब जीपमधून मागोमाग आले, म्हणजे माझ्या तोंडासमोर. हातात कर्णा. "भाई साहब, शहर उस तरफ है!"

"मालूम है साहेब!"

"तो फिर?"

मी दांडा आणखी ओढला.

पांगुळगाड्याच्या चाकांनी मात्र काम केलं. गाडी पडली नाही. पडली असती तर बरं झालं असतं, असं मला वाटू लागलं, कारण उतार लागला होता आणि बरोबर पळणारी माणसं एकेक करून हसायची थांबली. ती आता माझ्याकडे बघत नव्हती, माझ्या पाठीमागे बघत होती. मला मागचं काही दिसत नव्हतं, पण मागे काय आहे ते माहीत होतं. नाला. बिनकठड्याचा पूल. खाली दगड. मी उडी टाकून वाचलो असतो. इंजिन वाचलं नसतं. मग डोळ्यांसमोर पवळ्या-चांद्याचे रिकामे खुंटे आले, करपलेली केळी आली, ओट्यावर न जेवता बसलेले आबा आले. आबा तर इतके स्पष्ट आले की त्यांचं नावही ऐकू येऊ लागलं.

"आबा!" बिडीवाला ओरडला. "आबा, बाजूला व्हा!"

मला वाटलं, मला भास होतो आहे. मान वळवून बघितलं. पुलाच्या अलीकडच्या तोंडावर, रस्त्याच्या बरोबर मधे, डोक्याला पागोटं, काखेत जावळाच्या जेवणाची शिदोरी, हातात बैलांची काठी, आबा उभे होते. पलीकडे बस थांबली होती. रस्ता बंद म्हणून उतारू उतरून चालत निघाले होते.

आबा बाजूला झाले नाहीत. बिथरलेल्या जनावरासमोर ते आयुष्यात कधी बाजूला झाले नव्हते. गाडी अंगावर येईपर्यंत उभे राहिले, शेवटच्या क्षणी एक पाऊल कडेला टाकलं, काठीचं टोक पट्ट्याखाली घातलं आणि झटका दिला.

पट्टा उडाला. गाडी पांगुळगाड्याच्या चाकांवर डुलत चार पावलं गेली आणि पुलाच्या पहिल्या दगडाला टेकून थांबली. इंजिन एकटंच फुकफुक करत राहिलं.

"आता तुझं ते तू बघ," आबा म्हणाले.

मी चावी फिरवली. इतकी शांतता झाली की नाल्यातलं पाणी ऐकू आलं.

आबांनी स्वस्तिकावर बोट फिरवलं. "हे आपलंच आहे?"

"हो आबा. तुम्ही आज कसे आले?"

"झोप लागली नाही तिथं. शुक्रवारचं तुझं तोंड दिसून राहिलं होतं. जावळ झालं की पोरीनं शिदोरी बांधून दिली, निघालो." मग म्हणाले, "केळी?"

"शुक्रवारी पाणी दिलं. उद्या सकाळी पाळी आहे."

"आणि तोवर हे इकडं फिरायला आलं."

"शर्यत आहे आबा."

"असं. कितवा आला?"

मी मान वर केली. मानी माणूस मी. म्हणालो, "अजून संपली नाही."

बिडीवाल्याला ठसका लागला. आबांनी गाडीचं तोंड बघितलं, माझी पाठ बघितली, शहर कुठल्या बाजूला ते बघितलं. "तोंड तिकडं आणि चाल इकडं, हे कसं?"

"पट्ट्याला पीळ पडला."

"पडला का दिला?"

तोवर वत्सला बाळ्याला घेऊन धापा टाकत पोचली होती. तिनं डोक्यावर पदर घेतला आणि खाली बघत उभी राहिली.

"बारा वर्षं जोडी हाकली, सुपडू," आबा म्हणाले. "एक दिवस उलटी चालली नाही."

गाडी आम्ही ढकलत नेली. मुरली दुसरा आला होता, पण निशाणाजवळ न थांबता तसाच मागे आला आणि त्यानं एका बाजूनं हात लावला. वाटभर काही बोलला नाही. सातवी शिकलेल्या माणसाला कुठं गप्प बसावं एवढं कळतं, हे मी कबूल करतो.

घरी आल्यावर आबा ओट्यावर बसले, पण या वेळी जेवले. हात धुताना मला म्हणाले, "उद्या पहाटे पाणी आलं तर तुझं ते राहील. नाही आलं तर मी बाजारात जोडी बघायला जाणार. मग जमाना काही का बदलेना."

मी म्हणालो, "येईल. माझा शब्द आहे."

दुसऱ्या दिवशी सकाळी फटफटायच्या आत इंजिन विहिरीवर बसवलं. बोल्ट कसले, तेल भरलं, पंपात पाणी ओतलं. सगळे आले होते. आबा काठीवर हनुवटी टेकून उभे, वत्सला टोपलं घेऊन, मुरलीसुद्धा दुकान न उघडता आलेला. मी मनाशी पक्कं केलं होतं की काल जी चूक झाली ती जन्मात परत करायची नाही. पट्टा हातात घेतला, उजेडाकडे धरून या टोकापासून त्या टोकापर्यंत बघितला, आणि कुठेही काडीचा पीळ पडू न देता, सरळ, ओळंब्यात धरल्यासारखा दोन्ही चाकांवर चढवला.

वत्सलानं पट्ट्याकडे बघितलं. तोंड उघडलं, मिटलं, आणि टोपलं उचलून बांधावर जाऊन उभी राहिली.

मी दोरी ओढली. इंजिन झकास चाललं. पंप घसा खाकरल्यासारखा गुरगुरला, पाईपातून ओंजळभर गढूळ पाणी पडलं, आणि बंद. आबांनी थोडा वेळ वाट बघितली. मग काठीनं पट्टा उडवला, कोपऱ्यातला खराटा घेतला आणि दोन वर्षांत पहिल्यांदा गोठा झाडायला निघून गेले.

मी पाना घेतला आणि इंजिन खोलायला बसलो. दोष इंजिनातच असणार, माझी खात्री होती.